पहिले २८ दिवस

पाळी चुकली, आठवडाभर वाट पाहिली, मग औषधाच्या दुकानातून तपासणीची पट्टी आणली, डॉक्टरांची वेळ घेतली. एवढ्यात दोन आठवडे सहज निघून जातात. डॉक्टर कागदावर ‘सहा आठवडे’ लिहितात, कारण गरोदरपण शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. गर्भाचे खरे वय तेव्हा चारच आठवडे असते. पण त्याच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया तोवर घालून झालेला असतो.

फलन होते बीजवाहिनीत. पाच-सहा दिवसांत फलित झालेल्या त्या एका पेशीचा पोकळ गोळा बनतो आणि तो गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो. तिसऱ्या आठवड्यात पेशींचे तीन थर पडतात. वरच्या थरापासून त्वचा आणि चेतासंस्था. मधल्यापासून हाडे, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडे. आतल्यापासून पचनमार्ग आणि फुप्फुसांचे अस्तर. साधारण २२व्या दिवशी हृदयाची नळी आकुंचन पावू लागते.

याच सुमारास वरच्या थराचा एक पट्टा मध्यभागी खोलगट होतो. त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि करंजीच्या कडा जुळाव्यात तशा एकमेकींना चिकटतात. ही झाली मज्जानलिका. तिचे डोक्याकडचे टोक २५व्या दिवसाच्या आसपास मिटते, खालचे २८व्या. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत, बाळ जगत नाही. खालचे राहिले तर मणक्यांत फट राहते. मूल जगते, पण पायांतील ताकद आणि लघवी-शौचावरचा ताबा जाऊ शकतो.

फलनानंतरचा आठवा आठवडा संपेपर्यंत बहुतेक सर्व अवयवांची मांडणी झालेली असते. हाताच्या चपट्या पंजात बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात आणि बोटे सुटी होतात. गर्भाची लांबी तेव्हा जेमतेम तीन सेंटिमीटर असते.

या काळातील चूक किती महाग पडते, हे थॅलिडोमाइडने दाखवले. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेले हे औषध गरोदर स्त्रिया मळमळीवर घेत. फलनानंतरच्या साधारण २० ते ३६ दिवसांत ते पोटात गेले, तर बाळाचे हातपाय खुंटत किंवा इतर अवयवांत दोष राहत. जगभरात दहा हजारांहून अधिक मुले अशी जन्मली. १९६१च्या अखेरीस जर्मनीत औषध मागे घेण्यात आले.

पुढचे महिने मुख्यतः वाढीचे आणि पक्व होण्याचे. डॉक्टरांच्या मोजणीने अठरा-वीस आठवड्यांच्या सुमारास आईला हालचाल जाणवते, अवयवांतील दोष सोनोग्राफीत तपासता येतात. फुप्फुसे उघडी ठेवणारा स्राव चोविसाव्या आठवड्यानंतर तयार होऊ लागतो, पण पुरेसा होण्यास चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. म्हणूनच अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास जड जातो.

पुन्हा त्या पहिल्या २८ दिवसांकडे वळू. तेव्हा वेगाने विभागणाऱ्या पेशींना नवा डीएनए घडवण्यासाठी फोलेट हे जीवनसत्त्व लागते. फोलेटच्या शोधाचा एक धागा मुंबईचा आहे. १९२८ साली लूसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर गरोदर स्त्रियांमधील पांडुरोगाचा अभ्यास करण्यासाठी येथे आली. तिच्या रुग्णांमध्ये कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका होत्या. मार्माइट या यीस्टच्या अर्काने त्यांचा पांडुरोग बरा होतो, असे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी घटक म्हणजे फोलेट, हे पुढे कळले. १९९१ साली ब्रिटनच्या पुढाकाराने झालेल्या बहुदेशीय चाचणीचे निष्कर्ष आले. आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा दोष आढळलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेआधीपासून फोलेटचे गोळीतले रूप असलेले फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तेव्हा तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटले.

यातील ‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. पालक, मेथी, हरभरा, मूग यांत फोलेट असते, पण शिजवताना त्यातील बराच भाग जातो. म्हणून मूल हवे असे ठरताच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू करून बाराव्या आठवड्यापर्यंत घ्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधीच्या बाळात असा दोष असेल, किंवा फिट्स वा मधुमेहाची औषधे सुरू असतील, तर मात्रा आणि औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव नोंदवून मग गोळी सुरू केली, तर मज्जानलिकेसाठी तिचा उपयोग उरत नाही. डॉक्टरांची पहिली भेट दिवस जाण्याआधी घ्या.