नोंद नसलेल्या ओव्या

चिखलोलीतील आमच्या घरी आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्यांची एक कॅसेट होती. फीत झिजू लागली तेव्हा आम्ही ती संगणकावर उतरवून घेतली. आई आता नाही. ताईला दिसत नाही. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोट नेमके पडत नाही. तिच्यासाठी पुतण्याचा जुना, पाचव्या पिढीचा आयपॉड काढला. ओव्यांच्या फाईली त्यात टाकल्या, पण एकही वाजेना.

आयट्यून्ससारख्या प्रोग्राममार्फत यादीत चढवलेलीच गाणी हे यंत्र वाजवते. फाईल पोटात आहे, पण नोंद नाही, म्हणून दाद नाही! (आम्ही कारकून, हा न्याय आम्हांस नवा नव्हे.)

मग 'रॉकबॉक्स' सापडले. यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारी ही प्रणाली २००१ साली स्वीडनमधील प्रोग्रामरांनी आर्कोस प्लेअरसाठी लिहायला घेतली. कोड सर्वांना खुला, मोल काही नाही. फोल्डरमधील फाईल ती थेट वाजवते. मेनू बोलून दाखवण्याची सोयही तीत आहे. मात्र आयपॉड विंडोज पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो. आमचा मॅकवरचा निघाला, त्यात एक रविवार गेला. पुढचे काम रॉकबॉक्स युटिलिटीने थोड्या वेळात उरकले. मूळ सॉफ्टवेअरही शाबूत राहिले.

ताईने कानाला लावले. दुसऱ्या ओवीनंतर आई खोकते. तेथे ती म्हणाली, "थांबव रे जरा."