हिमालयात दोघे जाताना : डोके दुखणारा एक, निर्णय दुसऱ्याचा

मार्च-एप्रिल महिना आला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचे पाहुणे येऊ लागतात. चाळिशी-पन्नाशीचे जोडपे असते. मुले शिकायला बाहेरगावी गेलेली असतात किंवा त्यांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. मे महिन्यात दोघांनी मिळून हिमालयात जायचे, चार-सहा दिवस पायी चालायचे, तंबूत राहायचे, असा बेत ठरलेला असतो. बरोबर कोणती औषधे घ्यावीत, असे ते विचारतात. सर्दी, जुलाब, मुरगळलेला पाय, उन्हाने सोललेले नाक यांची यादी त्यांनी आधीच केलेली असते. दुर्लक्ष केल्यास जिवावर बेतणारा आजार मात्र त्या यादीत बहुधा नसतो. विरळ हवेच्या त्या आजाराला डॉक्टर ‘माउंटन सिकनेस’ म्हणतात. आज त्याविषयी लिहितो.

विषय काढला की पुणेकर गृहस्थांचे उत्तर ठरलेले असते : ‘‘डॉक्टर, आम्ही दर रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. पर्वतीच्या पायऱ्या तर रोजच्याच.’’ ही सवय उत्तमच. गुडघे आणि हृदय त्यामुळे तयार होते. पण उंचीचे गणित वेगळे आहे. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे आणि सिंहगड सुमारे १,३०० मीटरवर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचेच. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे सह्याद्रीतले सगळे किल्ले पालथे घातले तरी या एका बाबतीत आपली परीक्षा कधी झालेलीच नसते. आपल्याला तो त्रास होतो की नाही, हे महाराष्ट्रात राहून कोणालाही कळणे शक्य नाही.

हर की दूनचे उदाहरण

आपल्याकडच्या जोडप्यांमध्ये अलीकडे आवडीची झालेली एक वाट उदाहरणादाखल घेऊ. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात गोविंदवल्लभ पंतांच्या नावाचे गोविंद राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात हर की दून नावाची दरी आहे. देवदाराची झाडी, नदीच्या काठाने जाणारी वाट आणि समोर स्वर्गारोहिणीची बर्फाच्छादित शिखरे. चढ फार अवघड नाही, म्हणून नवख्यांना ही वाट सुचवली जाते, आणि ते योग्यही आहे. सांकरी हे पायथ्याचे गाव सुमारे १,९०० मीटरवर आहे. पुढचा मुक्काम सीमा किंवा ओसला या गावांजवळ, सुमारे २,५०० मीटरवर. त्यानंतरचा मुक्काम थेट हर की दूनला, सुमारे ३,५०० मीटरवर. शेवटच्या एका दिवसात झोपण्याची जागा जवळजवळ एक हजार मीटरने वर जाते. पायांना ही चाल जमते. शरीराला मात्र तेवढ्या वेळात जमवून घेता येतेच असे नाही.

हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे सारखेच, म्हणजे शेकडा २१ असते. वर जावे तसा हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायूही कमी होतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रकाठच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश उरतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातला आम्ल-अल्काचा समतोल बदलतात. या बदलांना काही दिवस लागतात. उंची अंगवळणी पडणे म्हणतात ते हेच. तेवढा वेळ न देता आपण वर चढत राहिलो की प्रथम डोके दुखते. पुढे मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसात पाणी साठू शकते.

धट्टेकट्टेपणाचा येथे उपयोग नाही, हे आपल्या देशाने मोठी किंमत देऊन शिकले आहे. १९६२च्या चीन युद्धाच्या काळात सपाटीवरच्या जवानांना घाईने हिमालयाच्या उंचीवर न्यावे लागले आणि त्यातले पुष्कळ जण या आजाराने पडले. भारतीय डॉक्टरांनी १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ साली तो जगापुढे मांडला. या विषयात तो आजही पायाभूत मानला जातो. हे सारे कवायत केलेले, निवडून घेतलेले सैनिक होते. पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या गिर्यारोहकांनी २०१२ साली मे महिन्यात एव्हरेस्ट गाठले, तेव्हा त्यांनाही आधी कित्येक आठवडे वर-खाली करत उंची अंगवळणी पाडून घ्यावी लागली. लेहला विमानाने जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. लेह जवळपास हर की दूनइतक्याच उंचीवर आहे आणि तेथे माणूस दोन तासांत जाऊन उतरतो.

ओळखायचे कसे?

वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखू लागले आणि त्यासोबत अन्नावरची वासना जाणे, मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त थकवा यांपैकी काहीही असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच त्रास समजावा. ‘ऊन लागले’, ‘पित्त झाले’, ‘काल राजमा जड गेला’ ही कारणे आपल्या लोकांना फार लवकर सुचतात. पित्त खाली उतरूनही बरे होते, तेव्हा उंचीचा त्रास समजून वागण्यात काही बिघडत नाही.

नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर त्याच ठिकाणी थांबावे, पॅरासिटामॉल घ्यावी, पण वर एक पाऊलही चढू नये. दिवसभरात बरे वाटले नाही, किंवा त्रास वाढला, तर खाली उतरावे. धोक्याच्या खुणा वेगळ्या आहेत. चालताना झोक जाणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, विलक्षण सुस्ती ही मेंदूला सूज आल्याची लक्षणे. स्वस्थ बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, कफात फेस किंवा लाली ही फुप्फुसात पाणी झाल्याची. यांतले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवायचे, आणि रोग्याला एकटे कधीही पाठवायचे नाही. मिळेल तर प्राणवायू द्यावा, पण त्यासाठी उतरणे लांबवू नये. तीनशे ते हजार मीटर खाली आल्यावर बहुतेकांना फरक पडतो.

अडचण अशी की आजारी माणसाला हे पटत नाही. प्राणवायू कमी पडल्यावर सर्वांत आधी मंदावते ती सारासार बुद्धी. माणूस चिडतो, हट्ट करतो, ‘मला काही झालेले नाही’ म्हणतो. म्हणून दोघेच गेलेले असताना निरोगी असलेल्याचे काम फार महत्त्वाचे आहे.

माझ्याकडे येणारे एक जोडपे काही वर्षांपूर्वी हर की दूनला गेले होते. पतिराज बावन्न वर्षांचे, सिंहगडाचे वारकरी. पत्नी शिक्षिका, चालणे संध्याकाळच्या फेरफटक्याइतकेच. घरात सगळ्यांना काळजी होती ती बाईंची. जाण्यापूर्वी दोघांनाही मी एक साधी परीक्षा शिकवली होती. जमिनीवर सरळ रेघ धरून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत दहा पावले चालायचे. तोल गेला, बाजूला पाय टाकावा लागला, तर नापास.

वर पोचल्याच्या संध्याकाळी गृहस्थांचे डोके दुखू लागले आणि ते जेवले नाहीत. पहाटे दोनदा उलटी झाली. त्या दिवशी पुढे मरिंडा तालापर्यंत जायचे ठरले होते. ‘‘यांनी बूट चढवायला घेतला तो दुसऱ्याच पायात,’’ बाई मला परत आल्यावर सांगत होत्या. ‘‘मी म्हटलं, आधी रेघेवर चालून दाखवा. चौथ्या पावलाला झोकांडी गेली. वर माझ्यावरच चिडले. एवढे पैसे भरून, रजा काढून आलोय म्हणाले. मी म्हटलं, रुसायचं तर रुसा, मी सामान भरायला घेतलंय.’’

बरोबरच्या स्थानिक वाटाड्या मुलाने लगेच त्यांची बाजू घेतली. त्याने आणि दुसऱ्या एका हमालाने दोन्ही बाजूंनी आधार देत गृहस्थांना उतरवले. हर की दूनपर्यंत मोटार येत नाही आणि फोनही बहुतेक ठिकाणी लागत नाही, तेव्हा हाच मार्ग होता. अंधार पडता पडता ते सीमाला पोचले. रात्री डोके हलके झाले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः चहा मागितला. आदल्या सकाळचे भांडण त्यांना नीटसे आठवत नाही. बाईंना मात्र शब्दन्‌शब्द आठवते!

महाभारतात पांडव ज्या वाटेने स्वर्गाला गेले ती हीच, असे त्या भागात मानतात. त्या कथेत एकेक जण कोसळत गेला, त्यात भीमासारखा बलदंडही होता, आणि धर्मराज मागे न पाहता पुढे चालत राहिले. धर्मराजांचे कारण वेगळे होते. सुट्टीवर गेलेल्याने त्यांचे अनुकरण करू नये.

घरी असतानाच दोघांनी एक ठरवून टाकावे : वर गेल्यावर ज्याला बरे वाटत आहे तो म्हणेल तसे करायचे. बायकोने सांगितल्यावर उतरणे अपमानाचे वाटते, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. नवऱ्याचा विरस होऊ नये म्हणून स्वतःची डोकेदुखी दडवणाऱ्या स्त्रियाही मी पाहिल्या आहेत. तेव्हा सकाळ-संध्याकाळ एकमेकांना विचारावे : डोके दुखते का, जेवण गेले का, झोप लागली का. आणि रेघेवर चालून दाखवावे. दोन मिनिटांचे काम आहे.

रात्री तंबूत

रात्री शेजारी झोपलेल्याचा श्वास भराभर चालतो, मग एकदम थांबतो. दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, आणि मग मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू होतो. हे ऐकून जोडीदाराची झोप उडते. उंचीवर हे सर्रास घडते. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदू श्वासाला क्षणभर विश्रांती देतो, मग प्राणवायू घटला की पुन्हा जागा होतो. एवढ्यावरून घाबरायचे कारण नाही. मात्र झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा मद्य घेऊ नये. त्याने श्वास आणखी मंदावतो.

कोरोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. ते लोक वर घेऊन जातात आणि आकडा पाहून हादरतात. खाली ९४च्या आत आकडा आला की इस्पितळ गाठा, असे आपण २०२०-२१ साली ऐकले होते. तो नियम तेथे लागू नाही. ३,५०० मीटरवर ठणठणीत माणसाचाही आकडा ८५ ते ९०च्या दरम्यान असू शकतो, आणि गार पडलेल्या बोटावर तो आणखी कमी दिसतो. उलट आकडा बरा आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करणेही चुकीचे. यंत्रापेक्षा माणसाकडे पाहावे. कापराच्या पुरचुंडीचेही तसेच. हुंगून बरे वाटते, पण रक्तातला प्राणवायू त्याने वाढत नाही. तोंडात तर कापूर मुळीच टाकू नये, तो विषारी असतो.

थंडी वाजते म्हणून तंबूत शेगडी, कोळसे किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. त्याचीही सुरुवात डोकेदुखी आणि मळमळीनेच होते, आणि बंद तंबूत दोघेही एकाच वेळी बेशुद्ध झाले तर कोणी कोणाला उठवायचे?

निघण्यापूर्वी

तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. हर की दूनच्या वाटेवर याचा अर्थ सीमाच्या पुढे मध्ये एक मुक्काम वाढवणे. सहल ठरवतानाच तो मागून घ्यावा. एक दिवसाची रजा अधिक पडेल. पाणी तहानेपुरते प्यावे. भरमसाट पाणी प्याल्याने हा त्रास टळत नाही.

मुक्काम वाढवणे शक्य नसेल, किंवा पूर्वी असा त्रास झालेला असेल, तर असेटाझोलामाइड या गोळीचा उपयोग होतो. ‘डायमॉक्स’ हे तिचे परिचित नाव. प्रौढांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. तिने लघवी जास्त होते आणि बोटांना मुंग्या येतात, त्याची भीती नको. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. गोळी घेतली म्हणून भराभर चढण्याची मुभा मिळत नाही.

रक्तदाब, मधुमेह, दमा यांची औषधे वर बंद करू नयेत. ती दोघांच्या पिशव्यांत विभागून ठेवावीत, म्हणजे एक पिशवी खेचरावरून पुढे गेली तरी अडत नाही. इन्शुलिन गोठू देऊ नये, रात्री अंगाजवळ ठेवावे. हृदयविकार असलेल्यांनी बेत ठरवण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटावे. डायमॉक्स पहिल्यांदाच घेणार असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती एक-दोन दिवस घरी घेऊन पाहावी, आणि तीही निघण्याच्या किमान आठवडाभर आधी.