वास्तुकलेची पदवी, पहिला पगार आणि कर्जाचा हप्ता

चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी हे एकेकाळचे साधे गाव. शेजारच्या तरमणीत २००० साली टायडेल पार्क सुरू झाले, जुना महाबलीपुरम रस्ता माहिती-तंत्रज्ञानाचा महामार्ग बनला आणि पेरुंगुडीतही काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. २०११ मध्ये पेरुंगुडी चेन्नई महानगरपालिकेत समाविष्ट झाले. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून या पट्ट्यात गेलेल्या अनेक कुटुंबांची मुले आता बारावीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांपैकी एखाद्या मुलीने २०१५ चा पूर पाहिलेला असतो, पल्लीकरणैच्या पाणथळीवर सरकत चाललेली वस्ती रोज पाहिलेली असते, आणि ती म्हणते, "मला आर्किटेक्ट व्हायचे आहे." आईवडील बहुधा अभियंते. ते शिक्षणाचा हिशेब अभियांत्रिकीच्या मापाने मांडतात, आणि नेमके तेच माप येथे लागू पडत नाही.

अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची, वास्तुकलेची पाच वर्षांची. म्हणजे एक वर्षाचे शुल्क अधिक आणि एक वर्षाचा पगार उणा. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. संगणक अभियंत्याला मोठ्या कंपन्या महाविद्यालयात येऊन निवडतात; नवा वास्तुविशारद बहुतांशी लहान कार्यालयात उमेदवारी करून घडतो. नकाशे, महापालिकेच्या मंजुऱ्या, ठेकेदाराशी व्यवहार, कामाच्या जागेवरची देखरेख, हे सारे तेथेच शिकायला मिळते. मात्र तेथील पगार बेताचा असतो. ही रीत जुनीच आहे. १९२७ साली पुण्यात जन्मलेले आणि २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे बाळकृष्ण दोशी यांनीही पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए यांच्याकडे पहिले आठ महिने विनावेतन काम केले होते. त्यांच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता, ही गोष्ट चरित्र वाचताना सहसा कोणी ध्यानात घेत नाही!

कायद्याची बाजूही जाणून घ्यावी. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येत नाही. परंतु हा कायदा उपाधीचे रक्षण करतो, कामाची मक्तेदारी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. घराचा आराखडा करून देणारे इतरही लोक बाजारात असतात, आणि लहान कामांचे मोल त्यामुळे दबलेले राहते. थोडक्यात, या व्यवसायात कमाई उशिरा वाढते; कर्जाचा हप्ता मात्र पहिल्याच महिन्यापासून सारखा असतो.

आता आकडे पाहू. हे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे. प्रत्यक्ष व्याजदर शाखेत विचारावा. समजा, एका खासगी महाविद्यालयासाठी दर वर्षाच्या आरंभी २ लाख याप्रमाणे १० लाख रुपये कर्ज घेतले, व्याज १० टक्के. शिक्षणाची पाच वर्षे आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नाही. या काळात सरळ व्याज आकारले जाते. ते ४ लाख होते. म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा कर्ज १४ लाखांचे असते. दहा वर्षांत फेडायचे तर मासिक हप्ता सुमारे १८,५०० रुपये. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे १५,००० वर येतो, पण एकूण भरणा २२ लाखांवरून २७ लाखांवर जातो. पहिला पगार २५,००० रुपये धरला, तर त्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग हप्त्यातच जाईल. उरलेल्या पैशात चेन्नईत भाडे आणि जेवण कसे भागणार? तेच कर्ज ४ लाखांचे असते, तर याच हिशेबाने दहा वर्षांचा हप्ता सुमारे ७,४०० रुपये झाला असता; पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी.

म्हणून कर्जाची रक्कम महाविद्यालयाच्या शुल्कपत्रकावरून ठरवू नये, पहिल्या पगारावरून उलट मोजत यावे. हा पगार कळावा कसा? ज्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा तेथील दोन-तीन वर्षांपूर्वीच्या माजी विद्यार्थ्यांना विचारावे. माहितीपत्रकातील सर्वोच्च पगाराचा येथे काही उपयोग नाही.

पालकांच्या वयाचा विचार तर फारच थोडे लोक करतात. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी वडील ४८ वर्षांचे असतील, तर परतफेड सुरू होताना ते ५४ चे होतील आणि पंधरा वर्षांची मुदत संपताना ६९ चे. हप्ता थकला तर बँक त्यांच्याकडेही मागणी करणार आणि दोघांच्याही पतनोंदीवर डाग पडणार. सर्वसाधारण योजनेत ७.५ लाखांपुढील कर्जाला तारण द्यावे लागते. बहुधा ते राहते घरच असते.

भार हलका करण्याचे मार्ग आहेत. पहिला अर्थातच सरकारी जागेचा. पेरुंगुडीहून फार दूर नसलेल्या गिंडी येथे अण्णा विद्यापीठाचा वास्तुकला विभाग आहे. १९५७ साली सुरू झालेल्या या संस्थेचे शुल्क खासगी महाविद्यालयांच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. तामिळनाडूच्या सरकारी कोट्यासाठी साधारणतः आठवी ते बारावीचे शिक्षण त्या राज्यात झालेले असावे लागते. म्हणून दहावीनंतर मुलांना महाराष्ट्रात पाठवण्याचा बेत असलेल्या पालकांनी दोन्ही राज्यांचे नियम आधी तपासावेत. 'नाटा' परीक्षेत थोडक्यात संधी हुकली, तर आणखी एक वर्ष तयारी करणे हेही दहा लाखांच्या कर्जापुढे स्वस्त पडू शकते.

दुसरा मार्ग शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जाण्याचा. वरील उदाहरणात पहिल्या वर्षी महिना सुमारे १,७०० रुपये आणि पाचव्या वर्षापासून ८,३०० रुपये लागतील. त्यामुळे परतफेड १४ ऐवजी १० लाखांवर सुरू होते, हप्ता सुमारे १३,२०० रुपये होतो आणि एकूण २.३ लाखांहून अधिक रुपये वाचतात. असे व्याज भरणाऱ्यांना काही बँका दरातही सूट देतात. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतील संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या आणि ८ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होण्यापूर्वीच्या काळात ३ टक्के व्याज सवलत मिळू शकते. जुन्या करप्रणालीत कर्जाच्या व्याजावर आठ वर्षे वजावटही मिळते.

शाखेत येताना प्रवेशपत्र आणि शुल्कपत्रकासोबत वरखर्चाची यादीही आणावी. प्रतिकृतींचे साहित्य, संगणक, अभ्याससहली, शेवटच्या वर्षाचा प्रबंध, हे खर्च वास्तुकलेत मोठे असतात आणि शैक्षणिक कर्जात ते ठरावीक मर्यादेत धरता येतात. पुष्कळ पालक ते सांगायचे विसरतात आणि तिसऱ्या वर्षी महागड्या वैयक्तिक कर्जाकडे वळतात.