कापसाच्या जिल्ह्यात नायलॉनचा रुमाल

वाघासमोर मोबाइल काढायचा नाही, हे आता सगळ्यांना पाठ झालं आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात 2024 च्या शेवटच्या दिवशी जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्याची स्वतःहून दखल घेतली आणि नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला मनाई केली. त्यावर लिहून, बोलून, भांडून झालं. आता साधा हिशेब उरतो: फोटो हवा असेल तर कॅमेरा न्यावा लागणार. कुणाच्या लग्नात घेतलेला, कुणाच्या मुलानं पुण्याला जाताना घरी टाकलेला डीएसएलआर कपाटातून बाहेर निघतो. त्याच्या भिंगावर दोन-चार वर्षांपूर्वीचे बोटांचे ठसे तसेच असतात. मग आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाकडे जाताना, हिंगणीच्या पुढे गाडीत बसल्या-बसल्या ते भिंग शर्टाच्या टोकानं पुसलं जातं. टोक हाती लागलं नाही तर डोक्याला बांधलेला दुपट्टा आहेच.

या लेखाची तक्रार त्या दुपट्ट्याबद्दल आहे.

बोर हा देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. 2014 मध्ये त्याला हा दर्जा मिळाला, गाभा क्षेत्र जेमतेम 138 चौरस किलोमीटर. रस्ते मुरमाचे. मुरूम म्हणजे झिजलेला काळा पाषाण, आपला दख्खनचा बेसाल्ट. त्यात फेल्डस्पारचे कण असतात आणि खनिजांच्या काठिण्याच्या मापावर फेल्डस्पार सहाच्या घरात बसतो. त्यासोबत गारगोटीचा चुरा येतो, तो सात. भिंगाची काच साधारण पाच ते साडेसहा. पुढची जिप्सी उडवते ती धूळ म्हणजे भिंगाच्या तोडीस तोड, क्वचित त्याहूनही कठीण दगडाचं पीठ. ते भिंगावर बसलेलं असताना वरून कापड फिरवलं तर कापड कितीही मऊ असो, घासतो तो दगडच.

आणि घासलं जातं ते नुसती काच नव्हे. काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थांचे थर चढवलेले असतात. एकेका थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुमारे 100 नॅनोमीटर. माणसाचा केस त्याच्या पाच-सातशे पट जाड भरतो. भिंग तिरपं धरल्यावर दिसणारी हिरवट-जांभळी झाक ती हीच.

हा थर कशासाठी, हे समजायला सेवाग्रामइतकी चांगली जागा नाही. गांधीजींचे चुलतनातू कनू गांधी (1917–1986) आश्रमात हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळत. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी त्यांना शंभर रुपये दिले आणि त्यातून रोलीफ्लेक्स आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, फोटोसाठी मी थांबणार नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही. तिसरी अट बिर्लांनी सोपी केली. पहिल्या दोन अटी कुटीत शिरल्यावर जड जात. मातीच्या भिंती, छोट्या खिडक्या, सतत हलणारा माणूस आणि एका रोलमध्ये जेमतेम बारा फोटो.

युद्धापूर्वीच्या रोलीफ्लेक्सला त्साइसचं टेसार भिंग असे. त्यात चार काचा आणि हवेला टेकणारे सहा पृष्ठभाग. बिनथराच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे चार टक्के प्रकाश परत फेकतो. सहा पृष्ठभागांचा गुणाकार करा, आत आलेल्या प्रकाशातला पाचवा हिस्सा फिल्मपर्यंत पोचतच नाही. परावर्तन रोखणाऱ्या थराचं पेटंट त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुलांनी 1935 मध्ये घेतलं होतं, पण ते तंत्र युद्धात लष्करी गुपित म्हणून दडून राहिलं. बाजारातल्या कॅमेऱ्यांना ते युद्धानंतर मिळालं. म्हणजे बापूंचे ते फोटो बिनथराच्या काचेतून, बिनफ्लॅशचे, हातात कॅमेरा धरून काढलेले आहेत. सेवाग्रामला गेलात तर ते या नजरेनं पाहा. छायाचित्रकलेच्या चर्चेत आपल्या जिल्ह्याचं हे काम अजून पुरेसं येत नाही, असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे.

आजच्या लांब पल्ल्याच्या झूम भिंगात काचांचे दहा-पंधरा गट असतात, म्हणजे वीस-तीस पृष्ठभाग. थर नसते तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच गेला असता. बोटाचा तेलकट डाग थेट या व्यवस्थेवर बसतो. समोरून ऊन आलं की डागावर प्रकाश विखुरतो आणि सगळा फोटो दुधाळ होतो. वर्ध्याच्या पक्षिप्रेमींनी रीतसर मतदान घेऊन नीलपंखाला शहरपक्षी केलं. त्याच्या पंखांची निळाई अशा भिंगातून धुतलेल्या जीन्ससारखी येते. सुट्या धुळीच्या दोन-चार कणांनी मात्र फोटोचं काही बिघडत नाही. ते इतके जवळ असतात की फोकसमध्येच येत नाहीत. आकाशात दिसणारे काळे ठिपके बहुधा आतल्या सेन्सरवरचे असतात, आणि तिथे भिंगाचा रुमाल मुळीच न्यायचा नाही. कण दिसला की पुसायचा, या सवयीनं भिंगं जास्त खराब होतात.

पुसायचं तर कशानं? कापसाच्या जिल्ह्यात सुती सोडून दुसरं नाव घेणं जिवावर येतं. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळापासून नावाजलेला आहे. चरख्यावर बसलेल्या कुणालाही पेळू उकलून दाखवायला सांगा: इंच-सव्वा इंचाचे तंतू, एकमेकांत पीळ घालून धरलेले. कापसाचं सूत म्हणजे अशा आखूड तंतूंची साखळी. टोकं बाहेर राहतात, झडतात, आणि भिंगावर तूस उरतं. नव्या सुती कापडात खळ असते. दुपट्ट्यात घाम, तेल आणि सकाळपासूनची धूळ. खूप धुतलेलं, जुनं, मऊ सुती वाईट नसतं, पण बोटाचं तेल ते उचलण्यापेक्षा पसरवतं जास्त.

मायक्रोफायबर इथे जिंकतं, आणि त्याचं कारण मऊपणा नाही. एक डेनियरहून बारीक तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. नऊ हजार मीटर तंतूचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनियर. आपला कापूस दीडच्या आसपास येतो. जपानच्या तोरे कंपनीत मियोशी ओकामोतोंनी 1970 मध्ये अतिबारीक तंतूंपासून अल्ट्रास्वेड हे नकली स्वेड बनवलं. पुसायची कापडं त्याच घराण्यातली. पॉलिएस्टर आणि नायलॉन एकाच छिद्रातून असे ओढतात की तंतूचा आडवा छेद संत्र्यासारखा दिसावा: फोडी पॉलिएस्टरच्या, मधल्या शिरा नायलॉनच्या. मग रसायनांनी किंवा पाण्याच्या फवाऱ्यानं फोडी सुट्या करतात. एका तंतूचे असे सोळा तुकडे झाले की प्रत्येकाला धारदार कडा मिळते आणि मध्ये बारीक फटी पडतात. पॉलिएस्टरला तेलाची ओढ, नायलॉनला पाण्याची. कडा तेलाचा थर खरवडून उचलतात, फटी तो शोषून घेतात.

बाजारातली खरी फसवणूक इथेच होते. फोडी सुट्या न केलेलं कापडही ‘मायक्रोफायबर’ म्हणूनच विकलं जातं, आणि नाव खोटं नसतं. ओळख सोपी आहे. कोरड्या तळहातावरून कापड हळू ओढा. सुट्या फोडींचं कापड कातडीच्या खरबरीत रेषांना अडकतं, किंचित नकोसं वाटतं. गुळगुळीत सरकलं तर ठेवून द्या. दुसरी परीक्षा पाण्याची: ताटावर थेंब टाकून कापड फिरवा. चांगलं कापड थेंब पिऊन टाकतं, वाईट कापड त्याला पुढे ढकलत नेतं.

वेष्टनावर 80/20 किंवा 70/30 लिहिलेलं असतं, ते पॉलिएस्टर आणि नायलॉनचं प्रमाण. नायलॉनचा उल्लेखच नसेल तर शंका घ्यावी. जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम या आकड्याला मात्र फार भुलू नये. चारशे-पाचशे ग्रॅमचे गुबगुबीत, टॉवेलसारखे फासे असलेले रुमाल गाडीच्या बॉनेटसाठी असतात, आणि त्या फाशांत खडा लपून बसतो. भिंगाला सपाट, दाट विणीचं, चौरस मीटरला दोनशे ग्रॅमच्या आसपासचं कापड पुरतं. कडेची शिवण कडक असते, म्हणून कडा नुसत्या कापून सील केलेल्या बऱ्या. कोपऱ्यात लेबल असेल तर आधी कापून टाका. रंग फिका घ्या. काळं कापड रुबाबदार दिसतं, पण मळ लपवतं. आकार फूटभर चौरस: दोनदा घडी घातली की पुसायला आठ कोऱ्या बाजू मिळतात. चष्म्याच्या दुकानात फुकट मिळणारा रुमाल तळहाताच्या परीक्षेत उतरला तर त्यालाही नाक मुरडायचं कारण नाही. लहान असतो, एवढंच. कंपनीचं नाव छापलेली बाजू तेवढी टाळावी.

कापड कितीही चांगलं असलं तरी त्याचा नंबर शेवटी. आधी रबरी फुग्यासारख्या ब्लोअरनं हवा मारायची, भिंग खाली तोंड करून. मग मऊ ब्रश. त्यानंतरही डाग दिसला तर कापड, मधून कडेकडे गोल फिरवत, जोर न देता. भिंगाचं द्रव लागलंच तर थेंब कापडावर घ्यावा, काचेवर नाही. काचेवरचा थेंब कडेनं आत उतरतो. खिडक्या पुसायचं निळं द्रव भिंगाला वर्ज्य. तोंडानं फुंकर मारली की थुंकीचे तुषार उडतात, आणि पावसाळ्यात अशा ओलाव्यावर बुरशी धरते.

धुण्यात बहुतेक कापडं मरतात. सुती कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकलं की सगळं तूस या कापडावर येऊन बसतं. कपडे सुवासिक करणारं कंडिशनर तंतूंवर मेणचट थर चढवतं आणि फटी बुजवतं; नंतर तोच थर भिंगावर उतरतो. साध्या सौम्य साबणाच्या कोमट पाण्यात वेगळं धुवावं, नीळ नाही, ब्लीच नाही, इस्त्री तर नाहीच. नवतपातल्या वाऱ्यात बाहेर तारेवर वाळत घातलं तर धुतलं न धुतलं सारखंच, तेव्हा घरातच, पंख्याखाली. वाळल्यावर झिपच्या पिशवीत. बॅगेच्या तळाशी मोकळं पडलेलं कापड वापरू नये, आणि जमिनीवर पडलं तर त्या सफारीपुरतं ते बाद.

हे कापड शेवटी प्लास्टिकच आहे आणि प्रत्येक धुण्यात त्याचे तुकडे पाण्यात जातात. म्हणून पन्नास रुमालांचा गठ्ठा स्वस्तात मिळतो म्हणून घेण्यात शहाणपण नाही. दोन चांगली कापडं पुष्कळ झाली: एक भिंगाचं, दुसरं कॅमेऱ्याच्या अंगाचं आणि मागच्या पडद्याचं. पहिलं तळहातावर अडकेनासं झालं की दुसऱ्याच्या जागी येतं, आणि दुसरं घरातल्या टीव्हीला लागतं.