भातसा-काळूच्या खोऱ्यातली दीडशे वर्षं

1865 साली थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला चढली आणि शहापूरच्या जंगलाला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालं. त्याआधी या मुलखाला बाहेरचं जग ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये; मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढणारी वाट सातवाहनांच्याही काळात वाहती होती. पण ती वाट गावं ओलांडून जाई, रेल्वेनं आधी लाकूड नेलं.

पाठोपाठ 1878 चा वनकायदा आला. इथल्या कुणब्या-ठाकरांचं भात राबावर होई. ऐनाचा टाहळ तोडायचा, शेतात अंथरायचा, वर शेण, पालापाचोळा आणि मातीचा थर द्यायचा. वैशाखात वारा पडला की वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचा. झळ सावकाश जमिनीत मुरली की तणाचं बी मरतं आणि राखेत रोप तरारून येतं. हा टाहळ तोडणंच परवानगीचं झालं. ठाणे-कुलाब्यातून तक्रारी इतक्या झाल्या की सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल 1887 चा.

लाकडानंतर पाणी. 1892 मध्ये तानसा धरण, पुढं भातसा. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे, आणि कसाऱ्याकडच्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. नळ मुंबईला आणि हंडा पाड्याला, याला दुष्काळ म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे.

पाडेही बदलले. कारवीच्या कुडांच्या जागी विटा आल्या, गवती छपराच्या जागी पत्रा. कातकऱ्यांचे पाडे मात्र दिवाळीनंतर निम्मे रिकामे होतात: भट्टीवाल्याची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, ती फेडायला अख्खं कुटुंब कल्याण-भिवंडीकडं विटा थापायला जातं. (शाळेच्या पटावर मुलं असतात, वर्गात नसतात.) मोकळ्या माळांवर आता फार्महाऊसचे प्लॉट पडलेत, तारेचं कुंपण आलं की गुरांची पाण्यावर जायची वाट बंद. 2025 मध्ये समृद्धी महामार्ग शहापुरातून पार आमण्यापर्यंत खुला झाला, जमिनीचे दलाल मात्र त्याच्या कितीतरी आधी पोहोचले होते.

जमिनीपाठोपाठ पुन्हा पाणी. मुरबाडच्या काळू नदीवर धरण बांधायला वनमंजुरी मिळण्याआधीच सुरुवात झाली. अनेक ग्रामसभांचा विरोध होता. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये काम थांबलं. प्रकल्प रद्द झालेला नाही.