गोवराची दुसरी सुई

जळगाव-धुळ्याकडच्या गावांत लसीचा दिवस असला, की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. नवव्या महिन्यात पोराला गोवराची सुई दिली. सोळावा महिना लागला, की आशाताई पुन्हा बोलावते. आई म्हणते, "एकदा दिली ना? आते आखो कसाले?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी आपलं शरीर काय करतं ते बघू.

समजा, कापूस वेचून झाला आहे. घरोघर कापूस भरला आहे. रात्री गावात चोर येतो. जागल्यानं त्याला कधी पाहिलेलं नाही. पाहुणा कोण, चोर कोण, हे कळेपर्यंत चार घरं फुटतात. पण दुसऱ्या खेपेला तोच चोर आला, तर वेशीवरच धरला जातो. जागल्या त्याचं तोंड विसरत नाही.

आपल्या रक्तातही असे राखणदार असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना पेशी म्हणतात. त्यांचे प्रकार लाखो आहेत, आणि एक प्रकार एकाच रोगाचं तोंड ओळखतो. गोवर ओळखणारे सुरुवातीला अगदी मोजके असतात. रोग अंगात शिरला, की या मोजक्यांची संख्या वाढू लागते. एकाचे दोन, दोनाचे चार. फौज उभी राहायला आठ-दहा दिवस तरी लागतात. तोवर पोर तापानं फणफणतं, अंगावर पुरळ उठतं.

पायाला जखम झाली, की जांघेत अवधाण येतं ना? तिथंच अशी फौज तयार होत असते. म्हणून ती गाठ सुजते.

रोग हटला, की फौजेतले बहुतेक मरून जातात. काही मात्र मागे राहतात. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. स्मृती म्हणजे आठवण. तोच रोग पुन्हा आला, तर त्या थोड्याच दिवसांत मोठी फौज उभी करतात. बहुतेक वेळा ताप येण्याआधीच रोगाचा निकाल लागतो. आपल्याला तो येऊन गेल्याचा पत्ताही नसतो.

ही आठवण किती टिकते? युरोपच्या उत्तरेला समुद्रात फेरो नावाची बेटं आहेत. तिथं १७८१ साली गोवराची साथ आली. नंतर ६५ वर्षं गोवर तिकडे फिरकला नाही. १८४६ साली तो पुन्हा आला. सुमारे ७,८०० वस्तीपैकी सहा हजार माणसं आजारी पडली. पानुम नावाच्या तरुण डॉक्टरानं घरोघर चौकशी केली. ज्या म्हाताऱ्यांना लहानपणी गोवर निघाला होता, त्यांच्यापैकी एकालाही तो पुन्हा निघाला नव्हता!

मग एकदा गोवर निघू द्यावा, म्हणजे झालं, असं कोणी म्हणेल. तसं नाही. गोवरानं पोरं दगावतात, डोळे जातात. आणि हा चोर मोठा लबाड. तो राखणदारांच्याच अंगात शिरतो, जुन्या आठवणींच्या पेशी मारतो. २०१९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात नेदरलँड्स देशातल्या मुलांचं गोवराआधीचं आणि गोवरानंतरचं रक्त तपासलं होतं. काही मुलांच्या रक्तातली दुसऱ्या रोगांची ओळख निम्म्याहून जास्त पुसली गेली होती. गोवर गेल्यावर पोराला खोकला, हगवण, फुप्फुसाचा ताप लागतो, त्याचं हे एक कारण आहे.

लस म्हणजे दम काढून घेतलेला गोवर. तो राखणदारांना तोंड दाखवतो, पण घर फोडू शकत नाही. सुईनंतर आठवड्यानं पोराला थोडी कणकण येते, एखादे वेळी पुरळही दिसतं. घाबरू नये. आत तालीम चालू असते.

आता दुसऱ्या सुईचं. पोटात असताना आईच्या रक्तातलं संरक्षण बाळाला मिळतं. काही बाळांत ते नवव्या महिन्यापर्यंत उरतं आणि लसीलाच हटवून लावतं. म्हणून पहिल्या सुईनं शंभरातल्या सुमारे ८५ बाळांतच आठवण तयार होते. उरलेली पंधरा कोणती, हे वरून ओळखता येत नाही. म्हणून दुसरी सुई सगळ्यांनाच.

धनुर्वाताच्या सुया पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात, त्याचं कारण वेगळं. तिथं आठवण हळूहळू फिकी पडते, ती घासून पुन्हा लख्ख करावी लागते. धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही सुई घ्यावी लागते. त्या रोगाचं विष इतक्या थोडक्यात मारतं, की राखणदारांना नीट ओळख पटतच नाही.

२०२२ साली गोवर मुंबईत, भिवंडीत आणि आपल्या धुळ्याच्या शेजारी मालेगावात पसरला. मुंबईत लहान मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत एकही सुई न घेतलेली मुलं पुष्कळ होती. करोनाच्या दिवसांत कित्येकांच्या सुया राहून गेल्या होत्या.

सुई हुकली असेल, तर पाच वर्षांपर्यंत ती सरकारी उपकेंद्रात फुकट देतात. कापूस वेचायला किंवा ऊस तोडायला परगावी गेलात, तर पोराचं लसीचं कार्ड सोबत न्या. तिथल्या आशाताईला ते दाखवलं, की पुढची सुई तिथंच मिळते.