कुंपणानं खाल्लेलं मैदान

माझं माहेर गोकाकचं, सासर निपाणीचं आणि लेक दिली बडोद्याला. त्यामुळे आमच्या घरात तीन भाषा गुण्यागोविंदानं नांदतात. नातू मला आजी न म्हणता ‘अज्जी’ म्हणतो, आणि त्याचं ऐकून शेजारची गुजराती मुलंही आता मला अज्जीच म्हणू लागली आहेत.

गेल्या वर्षी जूनमध्ये लेकीकडे गेले होते. नातू तिसरीत गेला होता. शाळेच्या पहिल्याच दिवशी घरी आला तो तोंड पाडून. म्हणाला, ‘‘अज्जी, आमचं खो-खोचं मैदान कुणीतरी खणून ठेवलंय.’’

संध्याकाळी त्याचा हात धरून शाळेवर गेले. अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे शाळा दिसली की माझी नजर आधी मैदानाकडे जाते. मैदानाच्या एका कोपऱ्यात चौकोनी खड्डा, त्यात उभ्या केलेल्या लोखंडी सळ्या आणि भोवती पत्र्याचं कुंपण. आधीच लहान असलेल्या मैदानाचा चांगला चौथा हिस्सा त्या पत्र्यांनी गिळला होता. रखवालदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘टावर आववानो छे.’’

शाळा अनुदानित आहे, एका जुन्या संस्थेची. नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका शाळेपुरती नाही. मे महिन्याच्या सुट्टीत संस्थेनं मैदानाचा तो कोपरा मोबाईल टॉवरसाठी भाड्यानं दिला होता. पालकांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

रात्री गोकाकला अक्काला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘‘बेलिये एद्दु होल मेय्दंते!’’ आपण मराठीत म्हणतो तेच, कुंपणच शेत खातं. इथं तर खरोखरीचं कुंपण होतं.

सभेत काय झालं

आठवडाभरात पालकांच्या मोबाईलवर संदेशांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, टॉवरमुळे चिमण्या गेल्या, आता मुलांची पाळी. कुणी कुठल्याशा गावातल्या आजारी मुलांचे फोटो टाकले. शेवटी शाळेत सभा ठरली. लेकीबरोबर मीही जाऊन मागच्या बाकावर बसले.

कंपनीचा माणूस इंग्रजी कागद घेऊन आला होता. ‘सगळं नियमात आहे’ यापलीकडे तो फारसं बोलला नाही. एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘माझी नणंद कॅन्सरनं गेली. मी माझ्या लेकरावर विषाची परीक्षा घेऊ देणार नाही.’’ सभा एकदम शांत झाली. मग एक तरुण बाप उठला. तो घरोघरी सामान पोचवण्याचं काम करतो. म्हणाला, ‘‘रेंज गेली की माझी ऑर्डर जाते. टॉवर कुठंतरी लागणारच ना?’’ त्याचंही खोटं नव्हतं. २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद होत्या, तेव्हा हेच पालक मुलांच्या तासासाठी गच्चीवर चढून रेंज शोधत होते.

संस्थेचे एक वयस्क विश्वस्त मात्र कळवळून बोलले. दोन वर्गांचं छत गळतं, अनुदानात दुरुस्ती भागत नाही, भाड्याच्या पैशातून ती करायची होती. मी स्वतः गळक्या वर्गात शिकवलेलं आहे. पाऊस आला की बाकं एका बाजूला सरकवायची आणि मुलांना पाढे म्हणायला लावायचे. त्यामुळे त्यांचा राग येईना. पण हेच सगळं मे महिन्यात पालकांना बोलावून सांगितलं असतं तर?

सभा आरडाओरड्यात संपली. घरी आल्यावर मी जावईबापूंना म्हटलं, आधी नीट माहिती काढू या. भीती खरी की खोटी ते तरी कळेल.

भीती किती खरी?

टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात. त्या शरीरातल्या पेशींचे रेणू तोडू शकत नाहीत. फार तीव्र असल्या तर उष्णता निर्माण करतात. म्हणून त्यांच्या तीव्रतेवर मर्यादा घातलेली असते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला ४.५ वॉट अशी होती. आपल्या केंद्र सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहापट कडक करून ०.४५ वॉटवर आणली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं मे २०११ मध्ये अशा लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. भीतीचे बहुतेक संदेश तिथूनच निघतात. पण त्या निर्णयाचा मुख्य आधार फोन कानाला लावून बोलणाऱ्यांवरचे अभ्यास होते, टॉवरजवळ राहणाऱ्यांवरचे नव्हेत. ब्रिटनमध्ये कर्करोग झालेल्या १,३९७ लहान मुलांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आई गरोदर असताना टॉवरच्या किती जवळ राहत होती हे त्यात तपासलं होतं आणि आजाराशी त्याचा संबंध आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला. त्यातही मोबाईल वापरणं आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध दिसला नाही.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. टॉवरच्या पायथ्याशी लहरी सर्वांत तीव्र असतील असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दिव्याखाली अंधार म्हणतात तसा प्रकार असतो. अँटेनाचा झोत आडवा, किंचित खाली झुकून पुढे जातो आणि काही अंतरावर जमिनीला टेकतो. म्हणजे मैदानातला टॉवर उचलून समोरच्या इमारतीवर नेला, तर त्याचा झोत उलट शाळेच्या वरच्या मजल्यावर पडू शकतो. आणि रेंज कमी असली की आपल्या हातातला फोन जास्त जोर लावतो, तोही थेट कानाशी.

हे सगळं लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘म्हणजे आई, आम्ही गप्प बसायचं का?’’

विचारायचं कुणी, कुणाला?

गप्प बसायचं नाही. कारण प्रश्न लहरींइतकाच विचारण्याचाही आहे, आणि हे मोठमोठ्या लोकांनीही मानलेलं आहे. ब्रिटनमध्ये सर विल्यम स्टुअर्ट यांच्या समितीनं २००० सालच्या अहवालात म्हटलं, की धोक्याचा पुरावा दिसत नाही. तरीही शाळा आणि पालक यांच्या संमतीशिवाय टॉवरचा सर्वांत तीव्र झोत शाळेच्या आवारावर पडू देऊ नये. आपल्याकडे केंद्राच्या आंतरमंत्रालयीन समितीनं २०११ मध्ये शाळा, मैदानं, दवाखाने आणि दाट वस्ती यांच्याजवळ टॉवरवर निर्बंध सुचवले. सरकारनं लहरींची मर्यादा कडक केली, ठिकाणाचे निर्बंध मात्र देशभर लागू झाले नाहीत. मग राजस्थानात निवृत्त न्यायमूर्ती आय. एस. इसरानी उच्च न्यायालयात गेले, आणि २७ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यायालयानं शाळा, दवाखाने आणि खेळाची मैदानं यांवरचे टॉवर दोन महिन्यांत हटवण्याचा आदेश दिला. तो राजस्थानापुरता, गुजरातेत किंवा आपल्याकडे तो आपोआप लागू होत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रिपन गावी शाळेच्या आवारातच टॉवर होता. काही वर्षांत तिथल्या चार मुलांना कर्करोग झाला. टॉवरमुळे झाला असं सिद्ध झालं नाही, मोजमापही मर्यादेत होतं. तरी पालकांचा विश्वास उडाला होता, आणि मार्च २०१९ मध्ये कंपनीला टॉवर बंद करावा लागला.

आपल्या हातात आणखी एक साधन आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती हवी, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. सीमेपलीकडच्या आपल्या नातेवाइकांना ती ‘एसडीएमसी’ म्हणून ठाऊक आहे. अनुदानित शाळेत या समितीला फक्त सल्ला देता येतो, हे खरं. पण लेखी दिलेला सल्ला दप्तरात राहतो. शिवाय शाळेला मैदान हवंच, असं हाच कायदा सांगतो. बडोद्यात तर शाळेची गोष्ट निघाली की लोक अभिमानानं सयाजीराव महाराजांचं नाव घेतात. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात नेलं.

लेक समितीवर नव्हती, पण तिच्या ओळखीच्या दोघी होत्या. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. चिमण्या नाहीत, फोटो नाहीत, फक्त प्रश्न. तुमच्या गावच्या शाळेतही असा खड्डा दिसला तर उपयोगी पडतील, म्हणून देते.

१. करारनामा किती वर्षांचा आहे, भाडं किती आहे, ते कोणत्या कामाला लागणार आणि हिशोब कोण दाखवणार?

२. जागेला परवानगी कुणी दिली? बांधकाम मजबूत असल्याचा दाखला आहे का?

३. जनरेटर बसणार का? त्याचा धूर आणि आवाज कोणत्या वर्गाकडे येईल?

४. दुरुस्तीची माणसं शाळेच्या वेळात आवारात येणार का?

५. अँटेनाचा झोत कुठं पडेल, आणि टॉवर सुरू झाल्यावर वर्गात मोजमाप करून कागद पालकांना मिळेल का?

शेवटच्या प्रश्नासाठी सरकारनंच सोय केली आहे. मे २०१७ मध्ये ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ सुरू झालं. आपल्या भागातले टॉवर त्यावर पाहता येतात आणि शुल्क भरून मोजणीची मागणी करता येते. सुरुवातीला हे शुल्क ४,००० रुपये ठरलं होतं.

अर्जावर एकशे बारा पालकांच्या सह्या झाल्या. सामान पोचवणाऱ्या त्या तरुणानंही सही केली. म्हणाला, ‘‘टॉवरला माझी ना नाही, पण न विचारता नको.’’ नणंद गमावलेल्या बाईंनी आधी नकार दिला. प्रश्न विचारणं म्हणजे अर्धी संमती देणं, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी त्या स्वतः घरी येऊन सही करून गेल्या.

पुढे काय झालं

मी श्रावणात निपाणीला परतले. दिवाळीच्या सुमारास लेकीचा फोन आला. पाच प्रश्नांपैकी दोनांचीच उत्तरं मिळाली होती. पण विश्वस्तांनी कंपनीशी बोलून करार मोडला. पत्रे निघाले, खड्डा बुजवला. नातवानं फोन हिसकावून घेऊन सांगितलं, की मैदान पुन्हा पूर्ण झालं, फक्त त्या कोपऱ्यात धावताना पाय जरा रुततो.

एवढ्यावर थांबते तर गोष्ट गोड झाली असती. पण भाडं गेलं म्हणून छताची दुरुस्ती राहिली. पालकांनी वर्गणी सुरू केली आहे. सह्या एकशे बारा होत्या, वर्गणी आतापर्यंत एकोणचाळीस जणांनी दिली. आणि टॉवर कुठं गेला? रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या इमारतीवर. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून तो समोर दिसतो. तिथं कुणाची संमती लागली नाही, सभाही झाली नाही. खूप पालकांना वाटतं, संकट टळलं. लेकीनं आणि त्या दोघींनी मिळून मोजणीचे पैसे भरले आहेत. निकाल अजून यायचा आहे. मर्यादेत असेल असंच मला वाटतं, पण वाटणं वेगळं आणि हातात कागद असणं वेगळं.

अक्काला हे सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, आता तुझ्या निपाणीच्या शाळेचं मैदान बघून ये. दुसऱ्याच दिवशी गेले. मैदान शाबूत आहे. पण व्यवस्थापन समितीत पालक कोण आहेत असं विचारलं, तर गेटवर उभ्या असलेल्या सहा आयांपैकी एकीलाही नाव सांगता आलं नाही.